शेगडीपाशी आयसिंगचा डबा

मला स्वस्थ बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ताईच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं त्या सकाळी मी जेवढ्या येरझारा घातल्या तेवढ्या कधीच घातल्या नसतील. दोन हजार सहा-सातची गोष्ट. बदलापूरचं आमचं लहानसं घर, डिसेंबरची थंडी, दुपारी पाहुणे येणार, आणि केकवर लावायच्या आयसिंगचा भलामोठा डबा माझ्यासमोर दगड होऊन बसलेला.

केक मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी आंटी घरच्या घरी केकचे क्लास घ्यायच्या, तिथे मी नुकतीच शिकले होते. नाताळच्या ऑर्डरींसाठी त्यांनी लोणी आणि साखर फेटून ढीगभर आयसिंग केलं होतं, त्यातला एक डबा मला दिला. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, असं बजावलं. मीही घरी आल्यावर आईला बजावलं. पण लोणी दिसलं की आईचा हात आपोआप फ्रीजकडे जातो. सकाळी डब्यात चमचा खुपसला, तर चमचाच वाकला.

आंटींना फोन केला. त्या आधी पोटभर हसल्या. "दूर से गरम कर बेटा, डब्बा घुमाते रह. मक्खन को मनाने का, धमकाने का नहीं. एक बार पिघल गया ना, तो गया काम से."

मनवणं हा माझा प्रांत नाही. दारं मी धाडकन लावते, चहा तोंड भाजत पिते. तरी बसले.

खरं सांगायचं तर माझा जीव त्या आयसिंगमध्ये अडकलाच नव्हता. तो आतल्या खोलीत होता. ताई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा चांगली बोलकी होती. बोलकी म्हणजे ओरडकी. चप्पल वाकडी निघाली, ओला टॉवेल पलंगावर पडला, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. लहानपणापासून मला त्याचा भारी राग. मुलगी झाली आणि ताई गप्पच झाली. बाळ हातात दिलं की पाजायची, पोट भरलं की परत द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलगी झाली म्हणून म्हणावं तर तसंही नव्हतं, भाऊजींनी तर अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, होतं असं काहींना, लक्ष ठेवा. आम्ही लक्ष ठेवून होतो. त्याने काडीचाही फरक पडत नव्हता.

आई रोज बाळाच्या पाळण्याशेजारी कोळशाची शेगडी ठेवायची. निखाऱ्यांवर तळहात धरायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग बाळाच्या पोटावर, तळपायांवर ठेवायची. "तू शेक बघू तिला," असं ताईला म्हणायची. ताई नुसती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहायची.

"बुद्धवंदना झाली की ताईने बाळाला मांडीवर घेऊन बसायचंय, सगळ्यांसमोर," आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली.

"आणि नाही घेतलं तर?"

"घेईल." पण हे तिने माझ्याकडे न बघता म्हटलं.

गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर आईची पातेली होती. मी परातीत गरम पाणी घेऊन त्यात डबा ठेवला, तर पाणी गार झालं आणि डबा होता तसाच. हँडमिक्सर लावावा म्हटलं, तर लाईट गेलेली. भारनियमनाचे दिवस होते ते, लाईट आमच्या सोयीने थोडीच येणार. तेवढ्यात मला आतली शेगडी आठवली. फडक्याने धरून ती पाळण्याजवळून दाराशी ओढली, खिडकी उघडी आहे ना बघितलं, आणि हातभर अंतरावर डबा मांडून फिरवत बसले.

कडा मऊ पडायला लागल्या. मधला गड्डा मात्र ढिम्म. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

"ताई, केकवर गुलाबी फुलं काढू की पिवळी?"

भिंतीकडे वळलेली पाठ हललीसुद्धा नाही. मला इतका राग आला, आणि त्या रागाचीच इतकी भीती वाटली, की डबा उचलून खिडकीबाहेर फेकावा असं झालं. तेवढ्यात आईने हाक मारली. कोशिंबिरीला दही कमी पडत होतं.

"जरा डब्यावर लक्ष ठेव," मी त्या पाठीला सांगितलं. "वितळायला लागला तर आईला हाक मार." ती मारणार नाही हे माहीत असून सांगितलं.

डेअरीवर ही गर्दी. दह्याची पिशवी घेऊन जिने चढताना माझी खात्री झाली होती की आता डब्यात तूप झालं असणार, केक उघडाच जाणार, ताई मान फिरवून बसणार आणि लोक एकमेकांकडे बघणार.

डबा खोलीच्या बाहेर होता. गार फरशीवर, ढकलून दिलेला. हात लावला तर पुन्हा घट्ट.

आत शेगडी पाळण्याजवळ गेली होती. ताई खाली बसली होती, बाळ मांडीवर. ती निखाऱ्यांवर तळहात धरत होती, गालाला लावत होती, आणि बाळाच्या इवल्याशा तळपायांवर दाबत होती. तिने वर बघितलं.

"अक्कल आहे का तुला? पोरीचे पाय गारठलेत, आणि तू लोणी शेकत बसलीस? उभी काय राहिलीस? दार लाव, वारं येतंय!"

मी दार लावलं. हळू लावलं. मग तो डबा उचलला, पोटाशी घट्ट धरला आणि तिथेच उभी राहून रडायला लागले.

आई झारा घेऊनच बाहेर आली. "काय गं? काय झालं? वितळलं का?"

"नाही," मी म्हटलं. "ताई मला ओरडली."

आईने झारा तसाच माझ्या डब्यावर ठेवला आणि खोलीकडे धावली.