पहिल्या बाकावरचा सूड

सांगलीत मुलगी बघायला गेलो तेव्हा मी कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होतो. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा. मुलीचे वडील एका इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन डिझाइन शिकवायचे. पोहे झाले, चहा आला. मुलगी आत गेल्यावर ते माझ्याकडे न बघता मध्यस्थाला म्हणाले, "डिप्लोमा म्हणजे शेवटी मिस्त्रीकामच हो. त्यात घरी मेंढरं. आमच्या मुलीला कसं जमायचं?"

माझे वडील शेजारीच बसले होते. माण तालुक्यातला माणूस, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्या दिवसासाठी नवा पटका बांधून आले होते. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि "येतो आमी" म्हणून उठले. त्यांना पोचवायला मी एसटीनं विट्यापर्यंत गेलो.  उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "जाऊ दे रं. दुसरी बघू."

मला जाऊ देता आलं नाही. मुलीचा चेहराही आता आठवत नाही. पण वडिलांसमोर बोललेलं ते वाक्य मी मशीनवर उभा राहून रोज चघळायचो.

पुढं त्याच कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळची पदवी सुरू झाली. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कंपनीतल्या पोरांनी बढतीसाठी अर्ज भरले. मी त्या माणसासाठी भरला. एक ना एक दिवस तो माझ्यासमोर फळ्यापाशी उभा राहणार होता.

त्यांचा विषय तिसऱ्या वर्षाला आला. पहिली शिफ्ट करून, हाताचा ऑइलचा वास घालवून मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. हजेरी घेताना माझ्या नावाशी ते थांबले. "आपण कुठं भेटलोय का?"

"व्हय सर. तुमच्या घरी. पोहे खाल्ले होते."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि मला फार बरं वाटलं.

मग मी प्रश्न विचारायला लागलो. दुपारच्या सुट्टीत जेवण आटपून पुस्तकातलं अवघडात अवघड शोधायचं आणि संध्याकाळी भर वर्गात त्यांना अडवायचं. ते अडले नाहीत. खडू उचलायचे, आकृती काढायचे आणि मागच्या बाकावरच्यालाही कळेल असं समजावून सांगायचे. दिवसभर राबून आलेली पोरं त्यांच्या तासाला डुलक्या काढत नसत. माझ्याशी ते कधी आकसानं वागले नाहीत. त्याचा मला जास्तच राग यायचा.

शेवटी एक फट सापडली. दर गुरुवारी ते तास अर्ध्यातच सोडून जायचे. मी तक्रार लिहिली, की आम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकतोय आणि सर वर्ग सोडून जातात. वर्गात सह्या मागत फिरलो. पाटणचा एक मित्र माझ्याच बाकावर बसायचा. तो म्हणाला, "गड्या, शिकवतोय त्यो एकटाच. त्यालाच कशाला घालवतुयास?" तरी माझ्या शब्दाखातर त्यानं सही केली.

चौकशी झाली. प्राचार्यांच्या खोलीतून ते बाहेर आले तेव्हा मी मुद्दाम व्हरांड्यात थांबलो होतो. मान खाली घालून माझ्या अंगावरून गेले. त्या दिवशी मी कुपवाडपर्यंत गाडीवर शीळ घालत गेलो.

संध्याकाळचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. त्यांच्या जागी नुकताच लागलेला एक मुलगा आला. तो पडद्यावरचं वाचून दाखवायचा. निम्मा वर्ग त्या विषयात नापास झाला, पाटणचा मित्रही. त्यानं पुन्हा परीक्षा दिली नाही आणि माझ्याशी बोलणंही सोडलं. गुरुवारी सर बायकोला मिरजेला फिजिओथेरपीला न्यायचे, हे मला नंतर कळलं. कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मित्राचं मात्र वाटलं, अजून वाटतं.

मी पास झालो. पेढे घेऊन गावी गेलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. ते मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी दुरुस्त करत होते. म्हणाले, "मला कवा आला हुता त्येंचा राग? त्येंची लेक, त्येंनी बघायचं. तू उगं माझं नाव पुढं करू नगंस."

आता मी साताऱ्याजवळच्या कारखान्यात डिझाइन विभागात आहे. गेल्या हिवाळ्यात तेच सर विद्यार्थ्यांना घेऊन कारखाना बघायला आले. ज्युनिअरला पाठवता आलं असतं, पण मीच खाली गेलो. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी वाचावं, एवढीच इच्छा होती. त्यांनी वाचलं. पोरांना म्हणाले, "हे सांगतायत ते नीट लिहून घ्या." आणि स्वतः मागं जाऊन उभे राहिले.

निघताना बसपाशी त्यांनी विचारलं, "ती तक्रार तुमचीच ना?"

"व्हय सर."

"खरीच होती. मी रजा टाकायला हवी होती."

मी पुढचं ऐकायला थांबलो. त्यांनी चिडावं, कारण सांगावं, म्हणजे मलाही ते मिस्त्रीकामाचं वाक्य त्यांच्या तोंडावर मारता आलं असतं. कितीतरी वर्षं ते मी तयार ठेवलं होतं. पण ते पोरं मोजत बसमध्ये चढले, आणि दार लागलं तरी मी दात आवळून तिथंच उभा होतो.