कोपरा फाटलेलं कार्ड

मानोऱ्याहून टपालाची पिशवी घेऊन मी रोज आठ कोस चालायचो. खरे पाचच, पण उन्हाळ्यात आठ भरायचे. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत माझ्या टायरच्या चपलांनी तो रस्ता वीतभर खाली गेला. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा. वाटेत रानडुक्कर आडवं आलं तर तेच बाजूला व्हायचं. खाकीचा मान असतो.

गावात वाचता येणारे थोडे, म्हणून पत्रं मीच वाचून दाखवायचो. आणि कोरडं वाचणं मला जमत नसे. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. एकुलता एक पोरगा नगरकडे ऊसतोडीला गेलेला. तो मुकादमाकडून दोन ओळी लिहवून घ्यायचा: बरा आहे, काळजी करू नको. मी त्या दोनाच्या वीस करायचो. आई, तुझ्या ठेच्याची आठवण येते. आई, एकदा भेटायला ये.

"पाह्य, कसा बोलून राह्यला," म्हातारी डोळे पुसत म्हणायची. "इथं होता तवा त तोंडात मिठाची गुळणी."

मग एका माघात त्याच मुकादमाचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. मयतीचं कार्ड आमच्याकडे असंच येतं. ते घरात नेत नाहीत. दारातच वाचायचं, तिथंच फाडायचं. म्हातारी शेणाचे हात घेऊन बाहेर आली. मी फाटक्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, खरं सांगायला तोंड उघडलं आणि सवयीनं निघालं, "आई, मी बरा आहे. भेटायला ये."

उद्या सांगू, म्हटलं. गावाबाहेर येऊन कार्ड फाडलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवर तीच समोरून आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर गाठोडं.

"कुठं निघाली माय?"

"पोराकडं. तूच त वाचलं न काल. लय दिवसाचा बलावून राह्यला तो. बकरी शेजारणीकडं बांधून आलो."

"बस जराशी."

"एष्टी चुकन न बाबू."

पळसाखाली बसवलं आणि कार्डात होतं तेवढंच सांगितलं. ट्रॅक्टरखाली सापडला. तिथंच माती दिली.

ती रडली नाही. गाठोडं मांडीवर दाबून बसली. मग म्हणाली, "अन् आंधीचे कागद? ये म्हणे ते?"

"ते मीच घालत होतो, माय."

"मंग त्यानं मले कईच बलावलं नाही?"

पंचक्रोशीत माझ्याएवढा थापाड्या नव्हता. त्या घडीला एक थाप सुचली नाही.

ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मानोऱ्याच्याच वाटेला लागली.

"नसन बलावलं," म्हणाली. "मी त निघालो न."