बसूअण्णांची तांब्याची तार

बसूअण्णा गेल्याचं मला विक्रमशेठच्या स्टेटसवरून कळलं. सकाळी दुकानात शेवेची पहिली कढई चालू होती, सहज फोन उघडला, तर विक्रमशेठ करंडक घेऊन हसतोय आणि फोटोच्या कडेला कुणाचं तरी कापलेलं कोपर. ते कोपर अण्णांचं. खाली ओळ: ‘आमच्या टीमचे जुने मदतनीस आज आपल्यात नाहीत.’ मदतनीस!... शेव करपली. अण्णांच्या मातीला गेलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण त्यातलं निम्मं रागाचं होतं. त्याला आता दोन महिने होत आले. आधीच लिहिणार होतो, पण मधे एक काम राहिलं होतं. ते उरकलं, आता लिहितो.

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे आमच्या पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी सांगतो. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत अण्णा शर्यतीची इंजिनं बांधायचे, आणि त्यांनी बांधलेली गाडी सुरू झाली की राधानगरीच्या जंगलातले गवे रस्ता सोडून उभे राहायचे. कागलच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी, मोकळ्या रस्त्यावर मी त्यांची गाडी तपासायला पळवली तेव्हा माझ्या मिशांची टोकं मागं जाऊन कानात शिरली होती. मी तेव्हा साठ किलोचा होतो (हे मात्र वाढवलेलं नाही). माणूस घरात कानडी बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि इंजिनाशी नुसताच हुंकार द्यायचा. पण सगळी जादू होती ती जेटात. आमच्या जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये जेट म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढा पितळी तुकडा असतो, त्याच्या मधल्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक केवढं, त्याचा नंबर अंगावर छापलेला. हवा तापली की लहान भोकाचा लावायचा, गारठली की मोठ्या भोकाचा. शर्यतीच्या दिवशी अण्णा बोट ओलं करून हवेत धरायचे, डोळे मिटायचे, मग खिळ्यावरची तांब्याची तार उतरवायचे. तारेत जेट ओवलेले, एका टोकाला गाठ. गाठीकडून कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु... “आज मूरु.” म्हणजे तिसरा. की झालं! नंबराकडं बघायचेसुद्धा नाहीत.

का बघायचे नाहीत, त्याला कारण विक्रमशेठ. शोरूमवाला माणूस, स्वतःची टीम, मेकॅनिकांना इस्त्रीचे शर्ट. काही वर्षांपूर्वी त्यानं अण्णांच्या इंजिनावर मोठी शर्यत मारली आणि करंडक घेताना माइकवर म्हणाला, “इंजिन आम्ही बंगळुरूहून करून आणलं.” अण्णा चार हातांवर उभे होते, हातात तेलाचं फडकं. मी म्हणालो, “अण्णा, चढू का स्टेजवर? काढतो त्याचा माइक.” ते म्हणाले, “उतर. तुझं वजन त्या फळ्यांना झेपायचं न्हाय.” त्या आठवड्यापासून अण्णा बाजारातले बारक्या नंबराचे जेट आणायला लागले आणि केसासारख्या ड्रिलनं प्रत्येकाचं भोक हातानं वाढवायला लागले. छापलेला नंबर तसाच ठेवायचा, पण भोक भलतंच. कुठला केवढा ते फक्त तारेवरच्या क्रमावरून कळायचं. मी विचारलं, “असलं चोरून नेलं कुणी तर?” अण्णा ड्रिल पुसत म्हणाले, “नेऊ दे की. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन जाम हुतंय, माणूस पडतोय. जादा झालं तर नुसतं खोकतंय. गाडीवर कुणाचं तरी लेकरू असतंय, बापू. आपण खोकवायचं.” एवढा सज्जन माणूस... मी त्यांच्या जागी असतो तर खोकल्यावर भागवलं नसतं.

दिवसकार्याच्या, म्हणजे शिवगणाराधनेच्या दिवशी जेवणं उठल्यावर विक्रमशेठ अण्णांच्या घरी आला. शैलाक्कापुढं, म्हणजे अण्णांच्या बायकोपुढं, हात जोडून म्हणाला, “अक्का, आठवण म्हणून ती जेटची माळ न्यावी म्हणतो.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं स्वतः खिळ्यावरची तार काढून त्याच्या हातात ठेवली. मला तर अक्काचाच राग आला! आणि मग त्या टापटिपीच्या माणसानं काय केलं? खिशातून कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची डबी काढली, गाठ सोडली, जेट ओतले आणि नंबर वाचून एकेक कप्प्यात लावले. पंचाऐंशी, नव्वद, पंचाण्णव... माझा राग जागच्या जागी विरघळला. मी पुढं होऊन डबी धरली. “हां शेठ, नंबरवारीच लावा. अण्णांना शिस्तच नव्हती.” रिकामी तार त्यानं कोपऱ्यात टाकली. मी उचलून खिशात घातली.

तीन आठवड्यांनी हौशी रायडरांची शर्यत झाली. विक्रमशेठचा रायडर सकाळच्या फेरीला निघाला, आणि गाडीनं असा काळा धूर सोडला की शेजारच्या गुऱ्हाळवाल्याला आपलीच चिमणी पेटली असं वाटलं. खो, खो, खो! उसाचा ट्रॅक्टरसुद्धा पुढं गेला असता. फेरी संपल्यावर शेठ घामाघूम होऊन माझ्याकडं आला.

“बापू, एकशे पाचला खोकतीया, नव्वदलाबी खोकतीया. अण्णा कसं बघायचे?”

“नंबर खोटे हायत, शेठ. क्रम खरा.”

“मग क्रम सांग की! दुपारची फेरी हाय.”

“सांगतो. पर आधी माइकवर जावा. त्या करंडकाचं इंजिन कुणाचं, तेवढं सांगा.”

त्यानं हातातल्या डबीकडं बघितलं, मग माइककडं. साधा जेट लावला असता तर गाडी पळाली असती, पण जिंकली नसती; आणि जिंकल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. गेला. मी अक्काला फोन लावला आणि भोंग्याकडं धरला. “...ते इंजिन बंगळुरूचं नव्हतं. ते कोल्हापूरच्या बसूअण्णांनी बांधलेलं होतं.” दोनशे माणसांनी ऐकलं. मी दोन हजार सांगतो.

तो धावत परत आला. “आता क्रम?”

मी खिशातली तार काढून त्याच्या हातात दिली. “हिच्यातच हुता. गाठीकडनं मोजायचं.”

“पर जेट...”

“जेट तुमच्याकडं हायत की. नंबरवारी लावलेले.”

फोन अजून चालूच होता. पलीकडून अक्का म्हणाली, “दिलीस व्हय तार?”

“दिली, अक्का. पर तुम्ही त्या दिवशी माळ दिलीसा कशाला त्याला?”

“मग? मी उगंच दिली व्हय?”

त्या दिवशी मी एवढा हसलो की पोटावरचं बटण तुटून थेट पंचगंगेत पडलं. पण तो क्रम आता कुणालाच लागणार नाही, मलाही नाही. अण्णांच्या खोलीत तो खिळा मोकळा आहे. एक जेट तेवढा माझ्या गाडीत राहिलाय, अण्णांनी शेवटच्या आजारपणाआधी लावलेला. अंगावर पंचाण्णव छापलंय. भोक मोजायच्या सुया उद्यमनगरात चार दुकानांत मिळतात, पण मी मोजलेला नाही. सकाळी दुकानाला निघताना बोट ओलं करून हवेत धरतो. मला त्यातलं काही कळत नाही. उन्हाळा असो, पाऊस असो, मी आपला त्यांच्यासारखे डोळे मिटतो आणि म्हणतो, “आज नाल्कु.” चौथा. त्या दिवशी जेट बसवताना अण्णा तेवढंच म्हणाले होते... आणि किक मारतो.