शेवटच्या पानावरचं शुल्क

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे नाइलाजाने सेक्रेटरी झालेले काका एका मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो दुसऱ्या मोबाइलने काढतात. ‘पुरावा गं, पुरावा!’

नाटकाचं तिकीट ऑनलाइन काढताना अगदी शेवटच्या पानावर माझ्याकडून सुविधा शुल्क उकळलं, तेव्हा मी त्यांच्याकडेच धावले.

‘आधी न सांगता किंमत वाढवली? कायद्यात बसत नाही. वाट लावू त्यांची!’

त्यांनी ग्राहक आयोगासाठी झकास तक्रार लिहून दिली, तीही फुकट. मी पानापानावर सही करत सुटले. शेवटच्या पानावर पेन थबकलं. तिथे लिहिलं होतं, ‘सोसायटीची पुढची सेक्रेटरी व्हायला मी तयार आहे.’

‘काका! हे आधी नाही का सांगायचं?’

चष्मा पुसत ते म्हणाले, ‘सांगितलं असतं तर तू आली असतीस?’