सत्तावीस नंबरची झडप

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, त्यामुळे आता तुम्ही माझी केलीत तरी तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

सत्तावन्नचा उन्हाळा. वडनेरच्या रस्त्यावरचं एक गाव, नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी टेम्पररी ऑपरेटर होतो. एक्स्चेंज म्हणजे काय, तर खोलीभर उकाडा आणि भिंतीला एक बोर्ड. प्रत्येक नंबरला एक भोक आणि वर छोटी झडप. गिऱ्हाईकानं हँडल फिरवलं की झडप पडायची. मग ती झडप वर करून कॉर्डचं एक टोक त्याच्या भोकात, दुसरं हव्या त्या नंबरात. बोलणं संपलं की गिऱ्हाईक पुन्हा हँडल फिरवायचं, झडप पुन्हा पडायची.

आमचे सुपरवायझर मेश्राम मास्तर. आदल्याच वर्षी बौद्ध झालेले, देव-भूत काही मानत नसत. त्यांचा एकच हट्ट. बोर्ड बंद पडला की कशालाही हात लावायचा नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांशी न बोलता, बोर्डाचं चित्र काढायचं. कुठली कॉर्ड कुठे, कुठली झडप पडलेली. मगच कॉर्ड काढायच्या. मला हे खूळ वाटायचं.

एका दुपारी कोरडीच वीज कडाडली, सगळ्या झडपा एकदम पडल्या आणि बोर्डामागून धूर निघाला.

"हात नोको लावू! पहिले कागद घे," मास्तर ओरडले.

चित्रं काढली, कॉर्ड काढल्या, कागद शेजारी ठेवले. दोन्ही अगदी सारखे, पाच कॉर्ड. पण मी बोर्डावरून काढल्या होत्या चारच! पाचवी होती सत्तावीस नंबरातून नऊमध्ये. नऊ म्हणजे डॉक्टर. सत्तावीस म्हणजे कापसाचा जुना कारखाना, जिनिंग, ते बंद पडून कितीक वर्षं झालेली. खांबावरची तार काढलेली, भोकात लाकडी खुंटी ठोकलेली. खुंटीवर धूळ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून इन्स्पेक्टर आले. त्यांचा निकाल तयारच होता – नवख्यानं चुकीची कॉर्ड लावून बोर्ड जाळला. चित्रं पाहून तर ते भडकलेच.

"मेश्राम, तुम्ही दोघांनी बनवाबनवी केली आहे. चित्र बदलून द्या, नाहीतर हा आजच घरी जाईल."

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, बदला ना मास्तर!

"मले जे दिसलं ते म्या काढलं साहेब," मास्तर म्हणाले. "त्यालेबी तेच दिसलं. बोर्ड मांगून खोलून पाहा, मंग काढा त्याले."

इन्स्पेक्टरांनी रागारागानं बोर्ड मागून उघडला. बाकी सगळं ठीक. जळालेलं होतं फक्त सत्तावीस आणि नऊच्या मागचं. बिनतारेच्या सत्तावीसमध्ये वीज आली कुठून, हे त्यांना सांगता येईना. आणि खुंटी ठोकलेल्या भोकात कॉर्ड मी लावणार तरी कशी? रिपोर्टात 'वीज पडून बिघाड' असं लिहून ते गाडीत बसले. माझी नोकरी वाचली.

संध्याकाळपर्यंत आम्ही दुरुस्ती केली. मग मी विचारलं, "मास्तर, तुमाले हे चित्राचं कवापासून सुचलं?"

"जिनिंगले आग लागली तवा बोर्ड असाच बंद पडलता. म्या घाईत साऱ्या कॉर्ड उपटल्या. कोन कोनाले बोलावून राह्यलं होतं, पाह्यलंच नाई." त्यांनी पकड उचलली. "जिनिंगचा फिटर डाक्टरले लावून राह्यला होता. वाचला नाई तो."

मग त्यांनी पकडीनं खुंटी उपसली. कॉर्डचं एक टोक सत्तावीसमध्ये घातलं, दुसरं नऊमध्ये.

"काय करून राह्यले मास्तर? तिकडं तार नाई."

"मले माहीत हाय. लावून देली. बोलू दे त्याले."

आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो. पाच-सात मिनिटं गेली असतील. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

सत्तावीसची झडप टप्पकन पडली, बोलणं संपल्यावर पडते तशी.

वीज नव्हती, वारा नव्हता, तार तर नव्हतीच. मी कॉर्ड काढायला हात पुढे केला, तर मास्तरांनी तो धरला. डोळे पुसले, आणि माझ्यापुढे कागद सरकवला.

"पहिले चित्र काढ."