नको म्हणजे नकोच

परवा नातीच्या साखरपुड्यात, पंगतीत मी ताटावर हात आडवा धरला, तर तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी जिलेबी माझ्या हातावरच ठेवली. पाक बोटांतून भातावर गळायला लागला.

"आबा, एका जिलेबीनं काय होतंय?"

आता काय बोलायचं यांना? दवाखान्यातल्या ताईंनी मला समोर बसवून सांगितलंय, तुमची साखर काठावर आहे. अजून रोग नाही, जपलंत तर होणारही नाही. गोड सोडा, रोज चाला. माझी शाळा दुसरीत सुटली, पण एवढं मला कळतं. याच रोगानं थोरल्या भावाचा पाय कापावा लागला, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पण ताई शिकवतात ते खाणाऱ्याला. वाढणाऱ्याला कोण शिकवणार? बाजारात नको म्हटलं की माणूस पुढं सरकतो, पंगतीत नको म्हटलं की परात आणखी जवळ येते. पहिलं नको लाजेचं धरतात, दुसरं मानपानाचं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर हसतात. माया आहे, मला मान्य आहे. पण समोरच्याचं ऐकूनच घेत नाही, असली कसली ही माया?

मी हात काढला नाही. सगळी पंगत बघायला लागली. नातीच्या होणाऱ्या सासूबाई लगबगीनं आल्या.

"आबा, रुसलात व्हय?"

"रुसलो नाही बाई," म्हटलं, "नातीच्या लग्नात दोन पायांवर उभं राहायचंय मला."