खळं कोणी चोपायचं

आमचं खळं तीन घरांचं. दिराचं, पुतण्याचं आणि माझं. घरांसमोरची ही मोकळी जागा दर पावसात धुऊन जाते. पाऊस सरला की नवी माती टाकायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने बडवून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. पूर्वी तिन्ही घरच्या बायका रांगेने बसायच्या. आता मी एकटी.

एवढं करून शिमग्यापर्यंत खड्डे ते पडतातच. मासेमारीची जाळी इथूनच ओढून नेतात, त्यांना लावलेली शिशाची वजनं माती उकरतात. पुतण्याच्या पाहुण्यांच्या गाड्या तिथेच वळतात. माझी मासळीही तिथेच वाळते. मी कधीपासून सांगते, सिमेंटचा कोबा घाला, खरखरीत. गुळगुळीत फरशी नको, पावसात पाय सरकतो. जांभ्या दगडाचे चिरेही नकोत, शेवाळ धरतात.

पुतण्याने घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या आहेत. तो म्हणतो, "काकी, सिमेंट नको गो. पावण्यांका सारवलेला खळा आवाडता. फोटो काढतत."

"पावणे सारवतत काय?"

"तुझ्यासारखा कोणाक जमता?"

असल्या स्तुतीने पाठ दुखायची थांबत नाही.

दीर मुंबईला. सामाईक खळ्याला हात लावायचा तर तिन्ही घरांनी समोरासमोर बसून हो म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. दीर येतो गणपतीला. तेव्हा खळ्यात चिखल, कोबा घालायचा कुठे? "वयनी, पाऊस जांवदे, मगे बगूया," म्हणतो आणि मोदक खातो. पाऊस जातो तेव्हा तो मुंबईत असतो आणि मी चोपणं घेऊन उन्हात बसलेली असते. दरवर्षी हेच.

यंदा दसरा झाला तरी मी बसले नाही. पुतण्या दारात आला.

"काकी, दिवाळीक पावणे येतले. खळा कधी करतंस?"

"तूच कर."

मागून त्याची बायको हसली. "ह्येंच्या हातात मोबायलाशिवाय काय रवता?"

त्याला राग आला. पडवीत जाऊन त्याने कोपरे धुंडाळले आणि तिथूनच ओरडला, "काकी, चोपणा खंय?"

"न्हाणीच्या चुलीत."

"जाळलंस? आज्याच्या हातचा होता गो ता!"

"फणसाचा लाकूड. बरा जळाला."

त्याच्या बायकोने मान खाली घातली, पण खांदे हलत होते. मग त्याने मुंबईला फोन लावला. "काका, काकीन चोपणा जाळल्यान. आता खळा चोपतलो कोण? कोबोच घालूक व्हयो."

दिराने फोनवरच हो म्हटलं. समोर नाही, बसणं नाही, मोदक नाहीत.

इतकी वर्षं मी उन्हात माती बडवत होते, तेव्हा हा फोन कोणाला सुचला नव्हता.